साहेबांना झोप लागली ते झोपडं

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आमच्या पाड्यावर घरकुलं तपासायला साहेब आले. आमच्या नव्या पत्र्याच्या घरात शिरले आणि दोन मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर. "अरे, भट्टी आहे ही!"

आईने त्यांना शेजारच्या आमच्या जुन्या कुडाच्या घरात बसवलं. कारवीच्या भिंती, शेणामातीचा लेप, वर पेंढा. पंखासुद्धा नाही. साहेब तांब्याभर पाणी प्यायले, भिंतीला टेकले आणि चक्क घोरायला लागले!

उठल्यावर म्हणतात, "पक्कं घर मिळालंय ना? मग हे झोपडं पाडून टाका. फोटोत बरं दिसत नाही."

आई म्हणाली, "पाडू की. पण साहेब, पुढच्या उन्हाळ्यात आलात तर झोपाल कुठे?"

साहेब हसले. मला अजून हसू येत नाहीये. तुम्हाला येतंय?