ऑगस्टरावांचं पुस्तक

माझ्या सख्ख्या भावाने माझ्या नवऱ्याचा गळा कापला, आणि तेही माझ्याच हातचा चहा पिऊन.

आमचे हे कॅलेंडरच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एका वर्षी ऑगस्टच्या पानामागे जागा उरली. मालक म्हणाले, "भरा काहीतरी." ह्यांनी भरलं आणि त्या महिन्याचं वेडच घेतलं. पूर्वी म्हणे रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑगस्ट नुसताच 'सहावा' होता. पुढे त्याला एका सम्राटाचं नाव दिलं. त्याचं रत्न हिरवट पेरिडॉट, फूल ग्लॅडिओलस. जगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र एकवीस ऑगस्टला चोरीला गेलं, तेही त्याच संग्रहालयात काम केलेल्या माणसाने नेलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता नाही! हे रंगात येऊन सांगायचे, आणि मी म्हणायचे, "अहो, भाजी गार होतेय."

सम्राटाने फेब्रुवारीचा दिवस पळवून ऑगस्टला जोडला, ही गोष्ट खोटी निघाली. ते शोधायला दोन वर्षं लागली. सापडलं त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी आली. छापखान्यात सगळे त्यांना ऑगस्टराव म्हणायचे आणि ह्यांना ते आवडायचं.

अकरा वर्षांत चार वह्या भरल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढल्या," ते म्हणायचे, "एका पुस्तकावर आपलं नाव असावं." एवढीच काय ती इच्छा. माझा धाकटा भाऊ प्रकाशकाकडे नोकरीला. वह्या मीच त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "ताई, तू निश्चिंत राहा."

पुस्तक आलं. वर भावाचं नाव. ह्यांनी पानन् पान उलटलं. ओळ न् ओळ ह्यांची, पण ह्यांचं नाव आभारातसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. भावाला तसंच घरी बोलावलं.

"मेल्या, भावोजींचं नाव खाताना लाज नाही वाटली?"

तो म्हणाला, "ताई, मी तुला फोन केला होता. साहेब म्हणाले, मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव बघून पुस्तक कोण घेणार? माझं टाकू का, असं विचारलं होतं. तू काय म्हणालीस?"

विसरले होते, असं सांगू? नव्हते विसरले. "टाक बाबा, तुझी बढती तरी होईल. ह्यांना काय, छापलं म्हणजे झालं," असं म्हणाले होते मी. तो खरंच टाकेल असं वाटलं नव्हतं. आणि ह्यांना सांगायचं आज-उद्या करत राहूनच गेलं.

ह्यांनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याला कशाला ओरडतेस?" ते मला म्हणाले. "तो परका. तुला मला एकदा विचारता आलं नाही?"