ताडपत्रीखालचा नंबर

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. किनाऱ्याजवळ घुसणाऱ्या ट्रॉलरांविरुद्धची. पिवळी, गुलाबी, हाताला शाई लागणारी. 'बंद करा' हे दोन शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले. बाबा होडीवाले मच्छीमार. जाळी वाळत टाकून झाली की दुपारी पत्रकं वाटायला निघायचे. निवेदन घेऊन मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेलं की ठरलेलं उत्तर मिळे : बोटीचा नंबर आणा. आणि ट्रॉलरवाले तर नंबरावर ताडपत्री सोडूनच येत. नंबर नाही म्हणजे बोट नाही. म्हणजे आमची फाटलेली जाळी समुद्राने आपणहून फाडली असणार.

त्यामुळे मावसभावाने ड्रोन घेतला तेव्हा मला त्यात फक्त एकच गोष्ट दिसली. तो त्याने पर्यटकांच्या आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी घेतला होता. मी त्याच्या मागे लागून लागून त्याला तयार केलं. बाबा ड्रोनला भिंगरी म्हणायचे, पण बेत त्यांनाही मान्य होता. त्यांनी सकाळी नेहमीच्या जागी जाळी टाकायची, ट्रॉलर आला की होडी बाजूला काढायची, आणि आम्ही वरून नंबर घ्यायचा. जाळं जाईल तर जाऊ दे, असं ते स्वतः म्हणाले होते.

त्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही टोकाच्या कातळावर बसलो. उन्हात मोबाइलचा पडदा दिसेना, म्हणून एका काळ्या छत्रीखाली दोघांची डोकी घातली.

"छत्री नीट धर गो. माका माझाच तोंड दिसता हेच्यात."

"ताच बघ आणि शीक कायतरी," मी म्हटलं.

पडद्यावर आधी नुसतं पाणी. मग बाबांच्या जाळ्याची तरंगती थर्माकोलं, ओळीने. टोकाला होडी, तिच्यात एक टोपी. टोपी म्हणजे बाबा. आणि पलीकडून पाणी फाडत येणारा निळा ट्रॉलर.

"इलो मेलो," भाऊ म्हणाला. "आमच्या परसात इलो सरळ."

त्याने ड्रोन खाली घेतला, ट्रॉलरच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, समांतर. पाण्याच्या इतक्या जवळ की पडद्यावर तुषार दिसत होते. नंबराच्या जागी निळी ताडपत्री लोंबत होती, पण खालची दोरी सुटली होती. वाऱ्याने तिचा एक कोपरा उठे आणि पुन्हा पडे. उठला की पांढऱ्या रंगाची एक रेघ दिसे.

"नंबर दिसतलो," तो कुजबुजला. "वायच थांब. वारो वाढूंदे."

मी नंबराकडे बघतच नव्हते. चित्राच्या कोपऱ्यात होडी होती आणि ती हलत नव्हती. ट्रॉलरची नाळ सरळ तिच्यावर होती. बाबा उभे राहिले होते आणि त्यांनी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं होतं. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच : इथे जाळं आहे, वळ. कुठल्याही तांडेलाला तो कळतो. बोट हाकणाऱ्यालाच तो कळला नाही तर मग कोणाला कळणार?

ट्रॉलर वळला नाही.

"बाबा सरत कित्याक नाय?" मी ओरडले.

"मशीन बंद पडला असतला."

मी बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवतात, मला माहीत होतं. तरी मी तो कानाला धरून होते. ड्रोनच्या चित्राला आवाज नसतो. बाबा काहीतरी ओरडत होते, तोंड उघडत-मिटत होतं, आणि इकडे कातळावर नुसती लाटांची खळखळ.

पडद्यावर बॅटरीची खूण लाल झाली. ड्रोन आपणहून परत फिरू लागला.

"हेका घराची ओढ लागली," भाऊ म्हणाला. हसायचा त्याचा प्रयत्न होता. त्याने परतीचा हुकूम रद्द केला. ताडपत्रीचा कोपरा पुन्हा उठला, या वेळी बराच. "अक्षर! पयला अक्षर दिसला गो!"

"सोड तो नंबर. वर घे. तेच्या काचेसमोर ने."

"आणि पडलो तर?"

"पडांदे."

त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्याचं पोट त्या यंत्रावर होतं. मग अंगठा वर सरकवला. नाळ खाली गेली, दोरखंड गेले, आणि केबिनची काच समोर आली. आत डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने वर बघितलं. भाऊ काचेच्या आणखी जवळ गेला. माणूस दचकला, एक हात तोंडासमोर धरला आणि दुसऱ्याने चाक गरकन फिरवलं. चित्र कलंडलं, एक दोरी आली, आभाळ आलं, आणि पडदा राखाडी झाला.

आम्ही छत्री फेकून उभे राहिलो. समुद्रावर ट्रॉलर दिसत होता. होडी दिसत नव्हती. ट्रॉलरच्या मागे असेल, भाऊ म्हणाला. मागेच असेल. ट्रॉलर सावकाश बाहेर सरकला आणि त्याच्यामागून होडी दिसली, डुलणारी, टोपी आत.

बाबा किनाऱ्याला लागले तेव्हा मी गुडघाभर पाण्यात होते. होडीत अर्धं जाळं, फाटलेलं. मशीन व्यवस्थित चालत होतं. होडी वाळूला टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"नंबर गावलो?"

"नाय."

"नाय? भिंगरी तर नाळेकडेच होती. ताडपत्री उडत होती, मी बघत होतंय. म्हणान तर सराक नाय. मी सरलंय असतंय तर तो पळालो असतो!"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ते मुद्दाम उभे राहिले होते. ट्रॉलरच्या वाटेत, आम्हाला वेळ मिळावा म्हणून.

"ड्रोन मी काचेसमोर नेवक सांगलंय," मी म्हटलं. "तुमका वाचवक."

"कोणी सांगलेला तुका? अजून वायच कळ काढूची होती!"

"तुमी मेले असतात तर?"

"तर नंबर तरी गावलो असतो."

"शिरा पडो त्या नंबराच्या तोंडार!" मी ओरडले. बापाशी मी असं कधी बोलले नव्हते. जाळं निवडणाऱ्या बायका मान वर करून बघायला लागल्या. "कोणाक देवचो होतो तो नंबर मी? तुमच्या फोटोक हार घालून?"

ते मान खाली घालून होडीतून जाळं ओढू लागले. भाऊ पुढे झाला तसं त्याला म्हणाले, "तुझी भिंगरी गेली रे," आणि फाटक्या जाळ्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

मी आजही पत्रकं लिहिते, आणि 'बंद करा' अजून तितक्याच मोठ्या अक्षरात लिहिते. पण एखाद्या माणसाच्या जिवाच्या बदल्यात मिळालेला पुरावा मी कुठल्याच टेबलावर ठेवणार नाही, असं मी त्या संध्याकाळी घरात सांगितलं. बाबा म्हणाले, मग तुझा आणि ऑफिसवाल्यांचा जमतला बरा. या वाक्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांनीही मला त्या काचेबद्दल केलेलं नाही.