डाव्या चाकाची स्प्रिंग

वयाच्या साठाव्या वर्षी प्रथमच काही लिहायला बसलो आहे, आणि लिहितो आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगू शकेन. कदाचित — कारण एवढं लिहून मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

आधी मुकुंदबद्दल सांगतो. मुलुंडला आमच्या सोसायटीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. मी पन्नाशीत गाडी शिकलो, ती त्याच्याकडून. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाने माझ्यापुढे हात टेकले होते. मुकुंद मात्र वर्षभर दर रविवारी सकाळी शेजारच्या सीटवर बसला, एकदाही आवाज न चढवता. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला याहून जवळचा मित्र मिळाला नाही.

मी स्वतः तीस वर्षं स्प्रिंगांच्या कारखान्यात, चाचणी विभागात काढली. स्प्रिंग किती भार सोसते आणि कुठे तुटते, हे पाहणं हेच माझं काम. हेही लक्षात असू द्या.

निवृत्त झाल्यावर मुकुंदने फोर बाय फोर घेतली आणि तिला नटवायला सुरुवात केली. पुढे लोखंडी बंपर, त्यावर रुतलेली गाडी ओढून काढायचा विंच, छतावर कॅरियर, दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पायऱ्या. गावी कुडाळला जायचं तर गाडी कशी दणकट दिसली पाहिजे, असं तो म्हणे. एवढ्या लोखंडाने गाडीचं नाक खाली आलं. पुढच्या स्प्रिंगा दबल्या. वाढलेल्या वजनाला साजेशा जड स्प्रिंगा बसवणं, हा यावरचा सरळ उपाय. गॅरेजवाल्याने सोपा केला — स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे कोंबले. नाक वर आलं. वजन होतं तेवढंच राहिलं. ठोकळ्याने अडवलेले वेढे दबत नाहीत. त्यांच्या वाटचं काम उरलेल्या वेढ्यांवर पडतं, आणि ठोकळ्याच्या कडेला पोलाद थकत जातं.

दसऱ्याला पार्किंगमध्ये गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, बंपरवर हळदकुंकू, सोसायटीतली दहाबारा माणसं.

"हे आमचे स्प्रिंगवाले साहेब," मुकुंद सगळ्यांना म्हणाला. "बघ रे जरा वाकून. पास की नापास?"

"फुकटात पास करू नका हां साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "आधी पेढा घ्या."

मी वाकलो. ठोकळे दिसले. मुकुंदची पत्नी, सुनीतावहिनी, पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. एवढ्या माणसांसमोर नापास म्हणायचं?

"पास," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या — आणि मला ते आवडलं. हेही लिहायलाच हवं. माझ्या कामाबद्दल इतक्या वर्षांत प्रथमच कुणी चारचौघांत विचारलं होतं.

नंतर एकट्याला गाठून सांगता आलं नसतं का? आलं असतं. दिवाळीपर्यंत तो मला जिन्यात कितीदा तरी भेटला. दर वेळी मी हवापाण्याचं बोललो.

दिवाळीत गावी जाताना घाटातल्या वळणावर गाडी डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. मुकुंदला खरचटलं. त्याच्या शेजारी बसलेल्या सुनीतावहिनींचा डावा खांदा चिरडला. दोन शस्त्रक्रियांनंतरही तो हात छातीच्या वर जात नाही. त्यांची वेणी आता रोज सकाळी मुकुंद घालतो.

इथवरचा माझा गुन्हा भित्रेपणाचा. पण मी इथे थांबलो नाही.

काही दिवसांनी मुकुंद मला गॅरेजच्या आवारात घेऊन गेला. डाव्या चाकाची तुटलेली स्प्रिंग त्याने माझ्या हातात दिली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा गंजलेला. गंज एका दिवसात चढत नाही. म्हणजे ती चीर जुनी होती, नेमकी ठोकळ्याच्या कडेला. वळणावर फक्त उरलेला अर्धा भाग तुटला आणि गाडी त्याच्या हातात राहिली नाही. असले तुकडे मी हजारांनी पाहिले आहेत. मला क्षणभरही शंका नव्हती.

"खरं सांग," मुकुंद म्हणाला. "ही आधी तुटली, की आपटल्यावर? मी चाळीसनेच होतो रे. चाळीसनेच असेन ना?"

"आपटल्यावर," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता — कुणी विचारलं नसताना — "वळणावर कधीकधी वेग कळत नाही रे."

त्याने मान डोलावली. स्प्रिंग माझ्या हातातून घेतली आणि आवाज होऊ नये अशी, हळूच, भंगारावर ठेवली.

का म्हणालो मी तसं? आधी तुटली म्हटलं असतं, तर त्याला पार्किंगमधलं माझं "पास" आठवलं असतं. कारण एवढंच आहे. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

गाडी विकली गेली. मुकुंद तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावत नाही. दर मंगळवारी वहिनींना पवईला फिजिओथेरपीसाठी मी माझ्या गाडीने नेतो. सोसायटीत माझ्या या मदतीचं कौतुक होतं. मुकुंद पुन्हा माझ्या शेजारच्या सीटवर असतो, वहिनी मागे. पुलाच्या उताराला लागलो की तो पुढे पाहतच म्हणतो, "सावकाश घे. माझ्यासारखं करू नकोस."

मागे वहिनी उजव्या हाताने डावा खांदा धरतात.

मी वेग कमी करतो.