बाळकुमच्या खाडीतला दगडी नांगर

"बुडालेल्या होड्या शोधणाऱ्याला नोकरी कोण देणार?" घरचा हा प्रश्न रास्तच होता. १९९३ साली मी पुरातत्त्वात एम.ए. करत होते, ओढा सगळा समुद्राकडे, आणि उत्तर माझ्याकडेही नव्हतं. प्रबंधाला विषय मात्र मिळाला होता. बाळकुमच्या ओळखीच्या नामदेवकाकांनी मासेमारीला जाताना खाडीच्या चिखलात रुतलेला, तीन भोकांचा जुना दगडी नांगर मला होडीतूनच दाखवला होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तो किती खोल आहे, कुठल्या थरात आहे, ते जागेवर मोजून आण. तरच विषय मंजूर. नाहीतर देवळांतले शिलालेख घे." मी काकांना निरोप धाडला, रविवारी दगड बघायला येते.

डोंबिवलीहून ठाणे, तिथून स्टेशनबाहेरची बस. तेव्हा बाळकुम गावच होतं. आजही कुणी खाडीत उतरणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा आणि जुन्याच चपला घाला. मी तर टेप, दोरी, कॅमेऱ्यात नवा रोल, अशी लग्नाला निघाल्यासारखी सजून गेलेले.

काकांच्या अंगणात पोचले आणि पाहते तो काय! नांगर तुळशीशेजारी उभा होता. घासूनपुसून लख्ख, वर शेंदूर, भोकांत झेंडूची फुलं.

"तुला चिखलान कशाला उतरवाचा? चार जनांनी मिलून कालच भायेर कारला," काका कौतुकानं म्हणाले.

"नक्की कुठे होता, काका?"

"तिकरं कुठंतरी." त्यांनी अख्ख्या खाडीवरून हात फिरवला. खड्डा भरतीनं केव्हाच बुजवला होता.

मला रडूच आलं. चिडणार तरी कुणावर? पाहुणी येणार म्हणून घर सारवावं, तसा त्यांनी दगड घासला होता. 'हलवू नका' एवढं सांगायला मीच विसरले होते. दोन वर्षं दुसरं काय शिकत होते मी!

काकींनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. चव इतकी फक्कड की तिचाही राग आला. "आता पास होशील ना गो?" त्यांनी विचारलं. "होईन की," म्हटलं.

घरी येऊन प्रबंधाच्या विषयाचा फॉर्म काढला. 'सापडल्याची जागा आणि खोली.' अंदाजानं आकडा ठोकला असता तर कुणाला कळणार होतं? तासभर पेन धरून बसले आणि रकाना कोरा ठेवला. सर रागावले नाहीत, शिलालेखांची यादी तेवढी पुढे सरकवली. माझा समुद्र तिथेच संपला.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेले, तर काकी आळीभर सांगत सुटल्या, "आमचे दगडावर पास झाली पोर!" मी शिलालेखांवर पास झाले, हे त्यांना सांगायचं धाडस माझं कधीच झालं नाही.