कुंकू लावलेला रेडिओ

वोल्फ्सबुर्गला माझा मुलगा राहतो त्या रस्त्यावर लोक घरातलं जुनं सामान मधूनमधून फुटपाथवर काढून ठेवतात. पलंग, गाद्या, दिवे, आरसे. दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि सगळं घेऊन जाते. त्याला ते श्पेर्म्युल म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी घर जप्त झालं.

त्या दिवशी शेजारच्या म्हातारीच्या दारापुढं सामान पडलं होतं. त्यात एका खुर्चीवर रेडिओ होता. लाकडी, छोट्या ट्रंकेएवढा, पुढं कापडाची जाळी, खाली काचेवर गावांची नावं. नुसता फेकलेला नव्हता. खुर्चीवर नीट बसवून वर प्लास्टिक घातलं होतं, आभाळ आलं होतं म्हणून.

मी तो उचलला आणि घरात आणला. चाळीस वर्षं ट्रक चालवलाय. वय झालं तरी एवढं ओझं मला उचलतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि दारातच थांबला.

"नाना, हे कुठून आणलं?"

"बाहेरून."

"अहो, लोकांनी टाकलेलं उचलून आणायचं नसतं. कुणी बघितलं असतं तर?"

"बघितलं की. म्हातारीनं खिडकीतून बघितलं. हात केला तिनं."

"आणि हा लावायचा नाही हं. किती जुना आहे! आतली वायर जळालेली असेल. आग लागेल."

"इंजिनियर आहेस ना तू?"

"गाड्यांचा."

"मग? गाडीत रेडिओ असतो की."

सूनबाई तोंड फिरवून हसली. ती घरूनच काम करते, कानाला यंत्र लावून दिवसभर जर्मनमध्ये बोलते, आणि मध्येच मला मराठीत विचारते, "नाना, चहा टाकू?" पोरगी चांगली आहे.

मी का आणला रेडिओ, ते मला सांगता आलं नसतं. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात बायको गेली. सकाळी अंगण झाडलं, आत येऊन बसली, आणि गेली. लोक म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची. मी मान हलवली. दहावं, तेरावं सगळं झालं. मला रडू आलं नाही. गावात त्याची चर्चा झाली असेल. होऊ दे. मग व्हिसाचे कागद झाले आणि मुलानं मला इकडं आणलं. इथं सगळं स्वच्छ, शांत. मी खिडकीत बसायचो, जेवायला बोलावलं की जेवायचो. दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं अंगभर होतं. दुखत नाही, पण आपला गाल आपला वाटत नाही.

व्हिसा संपत आला होता. पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं, आणि मुलगा एका गोष्टीचं उत्तर मागत होता. पुण्याजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी इमारती बांधल्यात, तिथं त्यानं माझ्यासाठी खोली बघून ठेवली होती. मी विमानतळावरून थेट तिथं जायचं. गावच्या घराला कुलूप. त्याला माझ्या तोंडून फक्त 'हो' पाहिजे होतं.

"वृद्धाश्रम म्हण ना सरळ," मी म्हणायचो.

"वृद्धाश्रम नाही हो नाना. बघा तरी." मग फोनवर फोटो दाखवायचा. बाग, डॉक्टर, जेवणाचा हॉल, टीव्हीचा हॉल.

"टीव्ही कोण लावतं?"

"म्हणजे?"

"रिमोट कुणाकडं असतो?"

"असेल रिसेप्शनवर. तुम्हाला काय करायचंय? नुसतं बसून बघायचं."

मी हो म्हणालो नव्हतो आणि नाहीही म्हणालो नव्हतो. खरं सांगायचं तर गावच्या घरात एकट्यानं पाऊल टाकता येईल की नाही, ते माझं मलाच कळत नव्हतं. पण हे मुलाला कसं सांगायचं? बापानं असं सांगायचं नसतं.

रेडिओ आणला त्या दुपारीच मी सूनबाईला म्हणालो, "फुकट वस्तू घेतली, काहीतरी दे तिला." तिनं बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि देऊन आली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला म्हातारी डबा परत करायला आली. तिनंही डबा रिकामा आणला नव्हता. त्यात सफरचंदाचा केक होता. मुलगा आणि सून तिला ओमा म्हणतात, म्हणजे आजी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, पण ताठ. काठी आणते, पण टेकत नाही.

रेडिओ हॉलमध्ये टेबलावर होता. तिनं बघितलं आणि मुलाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"लावला का नाही अजून, विचारतायत."

"सांग तिला, इंजिनियर घाबरतो."

मुलानं ते सांगितलं नाही. पण ती काय ते समजली असावी, कारण तिनं स्वतःच वायर उचलली आणि त्याच्या हातात दिली. तिनं तो गेल्या महिन्यापर्यंत रोज लावला होता, असं सूनबाईनं मला सांगितलं.

"थांबा," मी म्हणालो. "असाच लावायचा नाही."

मी खोलीत गेलो आणि बॅगेतून बायकोचा करंडा आणला. पितळेचा आहे, झाकण जरा वाकडं बसतं. गावाहून निघताना मी तो बॅगेत टाकला होता. इकडं आल्यापासून एकदाही उघडला नव्हता. मुलानं तो ओळखला.

आमच्यात नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लागतं. प्रत्येक ट्रकला मी आधी कुंकू लावलं, मगच किल्ली फिरवली. रेडिओच्या लाकडावर बोट टेकलं, तेव्हा आमच्या गावात पहिला रेडिओ आला ती संध्याकाळ आठवली. मी ती सांगायला लागलो आणि सूनबाई म्हातारीला सांगत गेली.

मी तेव्हा लहान होतो. ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता, बॅटरीवर चालणारा. सगळा गाव जमला. पुरुष पुढं, बायका भिंतीच्या आडोशाला. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ कुठं फोडायचा यावर वाद झाला. एक म्हातारा म्हणाला, देवापुढं फोडतो तसा पुढ्यातच फोडायचा. फोडला. पाणी उडालं ते जाळीतून सरळ आत. ग्रामसेवक डोक्याला हात लावून ओरडला, "अरे, आंघोळ घातली रे त्याला!" बटण फिरवलं तर आवाज नाही. मग रेडिओ उन्हाकडं तोंड करून ठेवला, पण ऊन उतरलं होतं. कुणी उपरण्यानं वारा घालत होतं. तेवढा वेळ गाव त्या मुक्या पेटीकडं बघत बसला होता. एक माणूस उठला नाही.

म्हातारी हसायला लागली. हसताना तिचे खांदे हलत होते.

"मग वाजला का, विचारतायत," सूनबाई म्हणाली.

वाजला. अंधार पडल्यावर खरखर झाली आणि आतून एक माणूस म्हणाला, नमस्कार. पुढं बसलेल्या सगळ्या पुरुषांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "रामराम!" माझा बाप सगळ्यांत मोठ्यानं. बाजारभाव झाले, बातम्या झाल्या, मग एक बाई गायला लागली. गाणं रंगात आलं आणि वेळ संपली म्हणून ग्रामसेवकानं बटण बंद केलं, पेटीला कुलूप लावलं. माझा बाप उठून म्हणाला, "मध्येच?" ग्रामसेवक म्हणाला, "सरकारी वेळ आहे." बापानं टोपी झटकली आणि घरी आला. त्यानंतर मरेपर्यंत त्या रेडिओपुढं बसला नाही. गाव म्हणायचा, आडमुठा आहे.

"कुणावर गेलेत ते कळलं," मुलगा म्हणाला.

मग त्यानं वायर लावली. आत पिवळा दिवा लागला. काचेमागं एक हिरवा डोळा उघडला, मांजराचा असतो तसा. आवाज नाही.

"बिघडलाय," मुलगा म्हणाला.

"थांब," मी म्हणालो. म्हातारीही त्याच वेळी तिच्या भाषेत तेच म्हणाली असावी, कारण तिनंही हात वर केला.

हळूहळू घरघर आली. आधी इथलंच आजकालचं धांगडधिंग्याचं गाणं लागलं. म्हातारीनं तोंड वाकडं केलं आणि दुसरं बटण दाबलं. मग नुसती खरखर. जुन्या मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर आता इथलं कुणी बोलत नाही, सगळी स्टेशनं बंद केली, असं मुलानं सांगितलं. पण अंधार पडला की दूरदेशचं काहीतरी सापडतं, असं ती म्हणाली. ती बटण फिरवत राहिली. बोटं सुजलेली, पण बटण केसाएवढं फिरवत होती. शेवटी एक माणूस सापडला. लांबून, लाटेवर वरखाली झाल्यासारखा बोलत होता. कुठली भाषा ते म्हातारीला कळेना, मुलालाही नाही. आम्ही चौघं ऐकत बसलो. कुणाला एक शब्द कळत नव्हता.

मग ती बोलली. तिच्या लहानपणी घरात रेडिओला फक्त बाप हात लावायचा. लढाईत बाप गेला. आई रेडिओ पुसायची, पण लावायची नाही. बरेच महिने तसे गेले. एका संध्याकाळी हिनंच उठून बटण फिरवलं. आई स्वयंपाकघरातून येऊन बसली, बस्स.

हा रेडिओ तो नव्हे, हा नंतरचा, लग्नातला. उद्या ती म्हाताऱ्यांच्या घरात राहायला जाणार होती. तिथं खोली लहान, हा मावत नाही.

मुलानं ते बरोबर पकडलं. "बघा नाना. ओमासुद्धा जातायत. काही कमीपणा नाही त्यात."

मी सूनबाईला म्हणालो, "विचार तिला, जा म्हणून कुणी सांगितलं?"

सूनबाईनं विचारलं. म्हातारीनं मोठं उत्तर दिलं, काठी एकदा आपटली. सूनबाई केकच्या डब्याला झाकण लावायला लागली.

"सांग की."

"म्हणतायत," ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मला सांगणारं कोण? मीच ठरवलं, खोली मीच बघितली. मुलाला फोन करून नवा पत्ता दिला, तेव्हा त्याला कळलं."

मुलगा म्हणाला, "तसं नाही म्हणाल्या त्या."

"गेनाऊ तसंच म्हणाल्या," सूनबाई म्हणाली. गेनाऊ म्हणजे अगदी. एवढं मला कळतं.

जायला उठली तेव्हा म्हातारीनं रेडिओवरच्या कुंकवाकडं बोट केलं आणि मग स्वतःच्या कपाळाकडं.

"नाना, त्यांना लावायचंय," सूनबाई म्हणाली.

"तिचा नवरा गेलाय ना?"

"हो. मग?"

मी करंडा धरून उभा राहिलो. आमच्याकडं लावत नाहीत. माझ्या आईला कुणी लावलं नाही, आणि तिनं मागितलंही नाही. आणि पुरुष कधी परक्या बाईला लावतो का? शेवटचं कुंकू मी बायकोला लावलं होतं. बायकांनी माझा हात धरून लावून घेतलं. कपाळ गार होतं, दगडासारखं, आणि कुंकू नीट टेकत नव्हतं.

सूनबाईनं हात पुढं केला. "द्या, मी लावते."

"राहू दे," मी म्हणालो आणि म्हातारीला लावलं.

तिचं कपाळ गरम होतं. सुरकुत्या होत्या, त्या बोटाला लागल्या. मी जरा वेळ बोट तसंच ठेवलं. मग काढलं.

तिनं माझा हात दाबला आणि गेली. दोन पायऱ्या उतरायच्या होत्या. काठी टेकली नाही.

मी येऊन खुर्चीत बसलो. रेडिओ चालूच होता, तो लांबचा माणूस बोलतच होता. मुलगा समोर बसला.

"मग नाना, काय सांगू पुण्याच्या लोकांना? उद्या फोन करायचाय."

"सांग, येत नाही."

"आणि?"

"घरी जातो."

"एकटे?"

"हो."

"तिथं आत गेलात आणि... काही झालं म्हणजे?"

"आत गेल्यावर बघू."

तो उठून खिडकीशी गेला. "आई असती तर तुम्हाला समजावलं असतं."

"आई असती तर तू विचारलंच नसतंस."

सूनबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाईट वाटलं असणार. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटायला पाहिजे होतं एवढं मात्र कळत होतं. जरा वेळानं मी म्हणालो, "विमानतळावरून घरापर्यंत गाडी करून दे. चावी शेजाऱ्यांकडं आहे, त्यांना अंगण झाडून ठेवायला सांग." हे ऐकून तो वळला. एवढं काम मिळाल्यावर त्यानं लगेच फोन काढला.

शेजाऱ्यांना मेसेज टाकून झाल्यावर तो रेडिओकडं आला. "बंद करू?"

"राहू दे. मी करतो."

तो माणूस बोलत होता ते संपू दिलं. मग थोडी वाजंत्री झाली, तीही संपली, नुसती खरखर उरली, तेव्हा मी बटण फिरवलं. हिरवा डोळा एकदम मिटला नाही. बारीक होत होत गेला. मी करंड्याचं वाकडं झाकण दाबून बसवलं आणि तो बॅगेत ठेवायला उठलो.