निर्माल्यातली अन्नपूर्णा

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांतील मोतीबिंदू पिकत आला होता, तरी देवपूजा दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवण्याची माझी तयारी नव्हती. त्या हट्टाचे फळ म्हणून एके सकाळी निर्माल्याबरोबर अन्नपूर्णाही परडीत गेली, आणि परडी नेहमीप्रमाणे परसातील हापूसच्या कलमांच्या आळ्यांत रिकामी झाली. बोटाच्या पेराएवढी ती पितळी मूर्ती माझ्या पत्नीने विवाहाच्या दिवशी माहेरून आणलेली. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मूर्ती ज्या वाटीत बसे तिच्यातील तांदूळ मात्र ती रोज बदलीत राहिली आणि मूर्तीवाचूनच्या त्या वाटीला हळदकुंकू वाहात राहिली. ते मला पाहवेना.

सारा पाचोळा आम्ही हातांनी चाळला. काही लाभले नाही. तेव्हा शेजारचे गृहस्थ साहाय्यास आले. बोटीवरची नोकरी संपवून परतल्यापासून ते धातू शोधण्याचे यंत्र घेऊन किनाऱ्यावर हिंडतात. वाळूत ते यंत्र शहाण्यासारखे वागते. आमच्या परसात मात्र ते अखंड ओरडू लागले. त्यांनी समजावले की जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह मुरलेले असते, त्यामुळे यंत्राला सारी भूमीच धातू भासते. म्हणून आधी त्याला त्या मातीची ओळख करून द्यावी लागते. यंत्राच्या टोकाची तबकडी भूमीवर वरखाली करीत बटण असे फिरवायचे, की वर घेताना आणि खाली नेताना सूर एकसारखा राहील.

आरंभ तुळशीपाशी व्हावा, असे मी सुचवले. त्यांनी ते आदराने मानले. बराच वेळ खपून त्यांनी वृंदावनाच्या पायथ्याशी सूर स्थिर केला आणि आम्ही कलमांकडे वळलो. यंत्र पूर्वीपेक्षाही अधिक बिथरले.

"गुरुजी, मशीन चांगली हाय," घाम पुसत ते म्हणाले. "तुमच्या तुळशीन् हिच्या कानात काय सांगितलंन, कोण जाणे."

पत्नी पडवीत फुलवाती वळीत होती. मान वर न करता तिने विचारले, "अहो, वृंदावन बसवताना खाली तांब्याचा गडू नि नाणी कोणी पुरली होती?"

विधिपूर्वक, मंत्रोच्चारासह, मीच पुरली होती. शेजारी मटकन खाली बसून हसू लागले, मग मीही. मातीची म्हणून आम्ही यंत्राला तांब्याची ओळख करून दिली होती.

निर्दोष जागा पत्नीनेच दाखवली: शेवटच्या कलमापलीकडची, जिथे आजवर कोणी फावडेही लावले नव्हते. तिथे त्यांनी बटण नव्याने फिरवले. तबकडी वर, तबकडी खाली, आणि घाई मुळीच नाही. पाठशाळेत आमचे गुरू हाताच्या चढउतारावर आमचे स्वर असेच बसवून घेत, त्याची मला आठवण झाली. हळूहळू ओरड निवली आणि एक मंद गुणगुण उरली.

मग आळ्यामागून आळे. प्रथम गंजका खिळा निघाला, नंतर छत्रीची काडी. सातव्या आळ्यात यंत्र अगदी थोडके, स्वच्छ वाजले. वीतभर खतमातीखाली माझ्या बोटांना आधी पळी लागली, मग ती धरणारा हात.

आमसुलाने घासून पत्नीने तिला तांदळावर बसवले आणि शेजाऱ्यांना जेवायला ठेवून घेतले. पानावर बसताना मी म्हणालो की यापुढे निर्माल्य तिनेच काढावे.

"तुम्हीच काढा," भात वाढीत ती म्हणाली. "फक्त बाहेर नेण्याआधी परडी मला दाखवा."

मोतीबिंदू निघाला, दृष्टी स्वच्छ झाली. परडी मात्र आजही आधी तिच्यापुढे जाते.