कानात कापूस, दाण्यांवर मेण

आमच्या लॅबमध्ये माल साठवायला सक्त मनाई होती, त्यामुळे साठले ते किस्सेच! नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी केमिस्ट होतो. खाणीत लागणाऱ्या स्फोटकांच्या दाण्यांवर मेणाचा पातळ थर चढवायचा, म्हणजे घासले-आपटले तरी ते भलत्या वेळी उडत नाहीत, हे आमचं काम.

*

मुलगी बघायला जुईनगरला गेलो. तिच्या वडिलांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "आणि थर नीट बसला नाही तर?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "तर मला कळणारच नाही!"

लग्न झालं. पण सासरे सहा महिने रोज दुपारी ऑफिसात फोन करायचे आणि "आहेत का?" एवढंच विचारून ठेवून द्यायचे.

*

टेस्टिंगसाठी चिमूटभर दाण्यांवर वजन पाडायचं. आवाज आला की बॅच नापास. मी पाचदा पाडलं आणि खुशीत वहीत लिहिलं, 'आवाज नाही'.

आमचे ऑपरेटर म्हात्रे, तळवलीचे, पन्नाशीचे. शांतपणे म्हणाले, "सायेब, कानातला कापूस कारा. पाचई येला वाजलाय!"

*

टेरिकॉटच्या कपड्यांनी ठिणगी पडू शकते, म्हणून 'फक्त सुती कपडे' अशी नोटीस मीच काढली. दुसऱ्याच दिवशी बायकोने दिलेला नवा टेरिकॉटचा शर्ट घालून गेलो! वॉचमनने गेटवरच शर्ट उतरवला. तेवढ्यात मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. बनियनमधल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमचे सेफ्टी इन-चार्ज."

*

दिवाळीत सानपाड्याच्या आमच्या सोसायटीतली पोरं न वाजलेले फटाके घेऊन दारात. "काका, हे तुमच्या कंपनीचे का?"

*

अखेर सहा महिन्यांनी एक बॅच सगळ्या टेस्टमध्ये पास झाली. तीही कापूस काढून! मी सगळ्यांना जमवून छोटंसं भाषण ठोकलं, नमुन्याची बशी उचलली आणि उंबऱ्याला अडखळलो. बशी थेट फरशीवर!

मी जो सुटलो तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत. एक चप्पल लॅबमध्ये, एक गटारात. दहा मिनिटं झाली, आवाज नाही. लाजत परत आलो, तर म्हात्रे तिथेच उभे. दाण्यांवर पाणी मारून ओल्या फडक्याने हळूहळू गोळा करत होते.

म्हटलं, "म्हात्रे, तुम्ही पळाला नाहीत?"

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच त आता बोललाव ना सायेब, यो माल फुटनार नाय म्हनून!"